बिल नंबर ४७

रोल्ला चौकामागच्या टायपिंग सेंटरमध्ये
कासरगोडचा शमीर माझा धंदा विचारतो
आणि पडदा माझ्याकडे वळवून यादी दाखवतो.
पत्रकार आहे की यादीत,
पण त्याला वेगळी मंजुरी लागते, मॅडम,
वेगळं खातं, वेगळी फी, महिने जातील.
माझ्याकडे महिने नाहीत.
व्हिसा रद्द झाल्यापासून साठ दिवस,
त्यातले एकोणीस मी झोपून काढलेले.

'संवाद सल्लागार' घ्या, तो म्हणतो, यात सगळं बसतं.
घेते.
उजवीकडून डावीकडे तो मला टाइप करत जातो.
बावीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं वाचली
आणि स्वतःच्या कागदावरचं
एक अक्षर लागत नाही.
सही करते. शाई निळीच हवी म्हणे.

आधी रत्नागिरीची आवृत्ती, मग शारजाचा इंग्रजी डेस्क.
रात्री दीडला शेवटचं पान सोडून बाहेर पडलं
की चष्म्यावर वाफ धरायची,
दोन मिनिटं रस्ता नुसता दिव्यांचा.
ते पान आता निघत नाही.
आम्हा अकरा जणांना एकाच मेलने कळवलं.
मेलमध्ये व्याकरणाच्या दोन चुका होत्या,
मी त्या खुणा करून ठेवल्या. पाठवल्या नाहीत.

आता ऑफिस म्हणजे अल नहदाच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल.
अर्ध्यावर मुलीचं केमिस्ट्री, अर्ध्यावर मी.
व्हिजिटिंग कार्डं शंभर छापली,
त्यातली पंचाण्णव
खजुराच्या रिकाम्या डब्यात.

पहिलं काम गुरुवारी रात्री आलं, आमटीला फोडणी देताना.
डिमेलोंची लिफ्टची कंपनी.
अल मजाझच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट
सोळा आणि सतराच्या मध्ये सव्वातीन तास अडकली.
कुणीतरी व्हिडिओ टाकलाय.
दीडशे शब्दांचं निवेदन हवंय,
शांत, जबाबदार, आणि लगेच.

'तांत्रिक कारणामुळे' बोटांतून आपसूक उतरलं.
हेच दोन शब्द मी जन्मभर खोडत आले,
समासात लिहीत आले: कुठलं कारण?

मग जुनी खोड उठली. फोन लावला.
आत कोण होतं?
डिलिव्हरीवाला.
नाव?
नाव कशाला लागतं, मॅडम?
टॉवरच्या वॉचमनला ठाऊक होतं.
टेकबहादूर रोका. गाव रोल्पाकडचं.
हातात चार बिर्याण्या,
ज्यांचे पैसे नंतर त्याच्याच पगारातून गेले.
वरून ओरडून कुणी विचारलं, काही हवंय का,
तर त्याने फक्त किती वाजले ते विचारलं.

मी लिहिलं:
श्री. टेकबहादूर रोका यांची आम्ही माफी मागतो
आणि त्यांचं नुकसान भरून देतो.

डिमेलोंचं उत्तर अकरा मिनिटांत.
झकास! एकच बदल. नावाऐवजी 'संबंधित ग्राहक' करा.
आणि ती नुकसानीची ओळ वकील नको म्हणतात.
तो ग्राहक नव्हता, मी कळवलं.
दोन निळ्या खुणा.
थोड्या वेळाने एक पिवळा अंगठा.

मी बदल केला. हे लिहून ठेवते,
कारण कुणी विचारणार नाही.

खालच्या सलूनची बीना, जिची स्वतःची तीन लायसन्सं बुडाली,
तिने बजावलंय: पहिल्या बिलावर एक नंबर टाकू नकोस,
लोक घाबरतात. सत्तेचाळीस टाक.
मी, जी मृतांचा आकडा दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय
पान सोडत नसे,
मी ४७ टाकला.
उद्या शुद्धिपत्र द्यावंसं वाटलं
तर कुठल्या पानावर देऊ?

वहीच्या शेवटी, इस्त्रीवाल्याच्या हिशेबाखाली,
टेकबहादूरचा नंबर आहे. वॉचमनने दिला.
चार बिर्याण्या, बहात्तर दिरहम.
डिमेलोंचे पैसे आले की पोचवीन म्हणते,
खर्च कुठल्या नावाखाली धरायचा
ते शमीरच्या यादीत बघायला हवं.